खड्डा कधी, पाणी किती, फांदी कुठून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शहरातल्या झाडांविषयी जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार, शहादा, चाळीसगाव अशा ठिकाणांहून प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले, लांबलेली पत्रं थोडक्यात घेतली. बहुतेकांनी ‘नवीन झाडं कुठली लावू’ असं विचारलं आहे, ‘आहे ते कसं वाचवू’ असं फार थोड्यांनी. उत्तरांत आम्ही हा तोल जरा उलटा केला आहे. चाळीस वर्षांच्या निंबाची सावली नव्या रोपांकडून मिळवायला निदान पंधरा-वीस वर्षं थांबावं लागतं, आणि तीही ती रोपं जगली तर.

जळगाव : कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये दरवर्षी पन्नास झाडं लावतो. तीन फूट खोल खड्डे, भरपूर शेणखत. दिवाळीपर्यंत छान असतात, पुढच्या मे महिन्यात चार-पाच उरतात. काय चुकतं?

दोन गोष्टी चुकतात. एक जुलैत, दुसरी फेब्रुवारीत.

तीन फुटांचा खोल, अरुंद खड्डा मुरमाड जमिनीत चांगला. तापी-गिरणेच्या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत मात्र तो हौद होतो. भोवतीची माती पाणी लवकर जिरू देत नाही, खड्ड्यातली भुसभुशीत माती ते धरून ठेवते आणि मुळं कुजतात. रोप लगेच मरत नाही, पण अर्धी मुळं गेलेली असतात. ते उन्हाळ्यात कळतं. वर कच्चं शेणखत घातलं की हुमणी आणि वाळवी येते, खत खचतं आणि रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळांचा जोड, मातीखाली जाते. मानेला सतत ओल लागली की साल सडते.

काळ्या जमिनीत खड्डा रुंद घ्या, खोल नको. रुंदी तीन फूट, खोली रोपाच्या मातीच्या गोळ्याएवढीच, म्हणजे फूट-दीड फूट. जेसीबीने किंवा फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं त्यांना आपटून गोल फिरतात, म्हणून टिकावाने त्या खरबरीत करा. निघालेलीच माती, तीन भागांना एक भाग पूर्ण कुजलेलं खत आणि पाव किलो निंबोळी पेंड एवढं पुरे. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच बसवा. प्लास्टिक पिशवी पूर्ण काढा. हे सांगावं लागतं, कारण मेलेली रोपं उपटली की पिशवीसकट निघतात. गोळ्याच्या तळाशी मुळांची गुंडाळी दिसली तर ती धारदार सुरीने कापून टाका, नाहीतर पुढे तीच मुळं खोडाला फास लावतात.

जमीन मुरमाड असेल तर उलट करायचं. तीन फूट खोल जायचं, पहारीने तळ फोडायचा आणि निम्मी माती बाहेरून आणायची. दोन्ही प्रकारांत खड्डे एप्रिल-मे मध्ये खणून तापू द्या. लागवड मात्र पहिल्या सरीला नको. जमीन फूटभर खोल ओली झाल्यावर, म्हणजे साधारण जुलैत करा.

आता पाणी. पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा १५ लिटर, फेब्रुवारी ते पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा २० लिटर. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात पंधरवड्याला ३० आणि उन्हाळ्यात आठवड्याला ४० लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी ६० ते ८० लिटर. त्यानंतर निंब, करंज, चिंच आपापलं बघतात. रोज तांब्याभर पाणी घालणं हे न घालण्याच्या बरोबरीचं आहे. वरचे दोन इंच भिजतात, मुळं वरच राहतात आणि काळी जमीन भेगाळली की त्या भेगांत ती तुटतात, वाळतात. आळं दरवर्षी बाहेर सरकवा, पहिल्या वर्षी बुंध्यापासून एक फूट, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी तीन. बुंध्यालगत मातीची भर ठेवा म्हणजे पाणी खोडाला टेकणार नाही.

तुमच्या पन्नास झाडांचा हिशेब असा. प्रत्येक पाळीला एक हजार लिटर, आठवड्याला दोन हजार. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सतरा आठवडे धरले तर ३४ हजार लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या सात फेऱ्या. एवढी सोय नसेल तर पंधराच झाडं लावा. रोपं फुकट मिळतात म्हणून संख्या ठरवायची नाही, पाणी बघून ठरवायची. ठिबक असेल तर ताशी ८ लिटरचे दोन ड्रिपर सव्वा तास चालवले की २० लिटर होतात. कॉलनीतल्या बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपर चोंदतात. दर पंधरवड्याला नळीचं टोक उघडून धुवून घ्या आणि प्रत्येक ड्रिपर डोळ्याने तपासा. एक बंद ड्रिपर मे महिन्यात आठ दिवसांत झाड मारतो.

आळ्यावर चार इंच आच्छादन हवंच. आपल्याकडे ते विकत आणायची गरज नाही. केळीची वाळकी पानं, उसाचं पाचट, पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या झाडांचा) चुरा, सगळं चालतं. पऱ्हाटी घेताना न उमललेली बोंडं काढून टाका, त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि शेजारी कापसाची शेतं असतात. आच्छादन बुंध्यापासून चार बोटं दूर ठेवा.

भुसावळ : रस्त्याच्या कडेला कोणती झाडं लावावीत? नगरसेवक गुलमोहर म्हणतात, नर्सरीवाले कोनोकार्पस देतात.

आमची पहिली कसोटी एकच, मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या झाडाखाली उभं राहता येतं का? पारा ४५ च्या आसपास असताना सावली देत नाही ते झाड रस्त्याच्या कामाचं नाही. या कसोटीवर बहावा आणि पळस मागे पडतात. दोन्ही सुंदर, दोन्ही देशी, पण फुलतात तेव्हा अंगावर पानं फार थोडी. त्यांना बागेत, मैदानाच्या कडेला जागा द्या. निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते आणि एप्रिलमध्ये झाड पुन्हा भरतं. करंजही उन्हाळ्यात नव्या पालवीवर असतो. चिंच सावकाश वाढते, पण दोन पिढ्यांना पुरते.

रुंद रस्त्याला निंब, करंज, चिंच, काळा शिरीष. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर, करंजाला सहा-सात चालेल. नाल्याच्या किंवा तलावाच्या कडेला जांभूळ, अर्जुन, उंबर. वीजतारांखाली कांचन, पारिजातक, पांढरा चाफा, सीताफळ. तारेखाली निंब लावणं म्हणजे दरवर्षी कुऱ्हाडीला आमंत्रण. वड-पिंपळ चौकात, मैदानात, स्मशानाजवळ, घरापासून दहा-बारा मीटर दूर. काळी जमीन सुकताना आकसते, मोठ्या झाडाने ओल ओढली की आणखी आकसते आणि उथळ पायाच्या भिंतीला तडे जातात. दोष झाडाचा धरला जातो.

मुरमाड टेकडीवर जागा असेल तर अंजन लावा. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरचं हे खास आपल्याकडचं झाड. याची मुळी सरळ खडकाच्या फटीत जाते. पहिली एक-दोन वर्षं रोप वर वाढतच नाही, सगळी ताकद खाली जाते, आणि लोक ‘वाढ नाही’ म्हणून उपटतात. पिशवीत मुळी वाकते, म्हणून जागेवरच बी टोकणं उत्तम. भारी काळ्या जमिनीत मात्र अंजन नको.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. आपल्याकडे मे-जूनच्या वावटळीत केळी झोपते त्याच वाऱ्यात गुलमोहर गाड्यांवर पडतो. बागेत हौसेने लावा. कोनोकार्पसला शेजारच्या गुजरातने २०२३ साली लागवडबंदी केली आहे. त्याची मुळं गटारांत, जलवाहिन्यांत शिरतात आणि परागकणांच्या ॲलर्जीच्या तक्रारी आहेत. दोन वर्षांत हिरवी भिंत दिसते एवढाच त्याचा गुण.

धुळे, देवपूर : गल्लीत काँक्रीट रस्ता झाला. जुन्या निंबांच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं आहे. एका बाजूला गटारासाठी खणताना मनगटाएवढी मुळं तोडली. झाडं हिरवी दिसतात. काही करायची गरज आहे का?

आहे, आणि लवकर. मोठं झाड साठवलेल्या अन्नावर दोन-तीन वर्षं हिरवं दिसतं. मग शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि तोवर काँक्रीटचा विषय सगळे विसरलेले असतात.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. महापालिकेकडे अर्ज करताना त्याचा दाखला द्या. काढण्याचं काम ब्रेकरने करू देऊ नका, त्याच्या हादऱ्याने आणि टोकाने साल फाटते. कटरने चौकोन आखून कापा आणि तुकडे हाताने उचला. खालची दडपलेली माती कुदळीने नव्हे, खुरप्याने दोन-तीन इंचच मोकळी करा, कारण श्वास घेणारी बारीक मुळं तिथेच असतात. वर कुजलेलं खत आणि पाचट. बुंध्यावर मातीचा ढीग किंवा कट्टा नको. पारावरचा भराव हे शहरातल्या वडा-निंबांच्या मरणाचं एक मोठं कारण आहे. उरलेल्या जागेत पेव्हर बसवायचेच असतील तर सिमेंट न लावता वाळूवर बसवा.

फांद्यांचा घेर संपतो तिथे दोन इंच रुंद, दीड-दोन फूट खोल अशी पाच-सहा भोकं पाडून त्यांत खडी आणि खत भरा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा त्यांतून सावकाश पाणी सोडा.

तुटलेली मुळं पिंजलेली असतील तर करवतीने स्वच्छ कापा, ओलं गोणपाट टाका आणि त्याच दिवशी माती लोटा. उघडी मुळं एका दुपारच्या उन्हात मरतात. ‘मुळं गेली म्हणून वरचाही भार कमी करा’ असा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. नवी मुळं पानांनी केलेल्या अन्नावरच येतात. फक्त वाळलेलं काढा. मात्र मुळांचा तिसरा हिस्सा एकाच बाजूने गेला असेल, किंवा विरुद्ध बाजूच्या जमिनीला नवी भेग पडून झाड कललं असेल, तर जाणकाराकडून तपासणी होईपर्यंत खाली गाड्या लावू नका.

पुढच्या खोदकामाआधी हा हिशेब ठेकेदाराच्या हातात द्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, ३.१४ ने भागा, म्हणजे व्यास येतो. व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खोदकाम टाळायचं. १२० सेंटिमीटर घेर असेल तर व्यास ३८ आणि संरक्षित वर्तुळ सुमारे साडेचार मीटर. गल्लीत तेवढी जागा मिळत नाही हे खरं. मग तिथे यंत्र बंद, हाताने खोदाई, आणि नळ मुळांच्या खालून ढकलून न्यायचा.

अमळनेर : पावसाळ्यापूर्वी तारांसाठी फांद्या तोडतात. निंबाचा नुसता खुंट ठेवतात. पुन्हा फुटतो, मग हरकत काय?

फुटतो तो घाबरून फुटतो. छाटलेल्या टोकावर एकदम वीस-पंचवीस फुटवे येतात, ते खोडाच्या आतून नव्हे, सालीलगत जोडलेले असतात. दोन वर्षांत जाड होऊन तेच वाऱ्यात निखळतात आणि तारांवर पडतात. शिवाय मे महिन्यात सावलीतली साल अचानक उघडी पडली की भाजते, फाटते, आणि तिथून किडा शिरतो.

आधी अर्ज करून तारीख ठरवून घ्या आणि छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करायला सांगा. घरटी बघा. तारेकडे जाणारी फांदी मध्येच न तोडता ती जिथून निघते तिथून काढायची, म्हणजे झाड तारेला बगल देऊन वाढतं. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त पाला काढायचा नाही. जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला जोडापासून फूटभर दूर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, जोडाजवळच्या फुगीर कडीच्या लगेच बाहेर. कडी कापली तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर तो कुजून आत पोकळी होते. जखमेवर डांबर, ऑइलपेंट काही नको. पहिला खालचा काप वगळला तर फांदी पडताना हातभर साल सोलून नेते. शहरातल्या निम्म्या झाडांवर ही खूण दिसेल.

नंदुरबार : शेजारच्या प्लॉटवर बांधकाम होणार. तिथली चिंच हळूहळू वाळते आहे, बुंध्याला बारीक भोकं दिसली. कायदा काही म्हणतो का?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा महापालिका आणि नगरपालिका, दोन्ही क्षेत्रांना लागू आहे. झाड खासगी जागेत असलं तरी परवानगी लागते. या कायद्यात झाड जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही ‘तोडणं’च धरलं आहे. म्हणजे भोकं पाडून ॲसिड ओतणं हा गुन्हाच आहे. भोकं एकाच उंचीवर, एकसारखी गोल आणि आत भुसा नसेल तर ती ड्रिलची. खोडकिड्याच्या भोकाशी भुसा आणि डिंक दिसतो.

मोजपट्टी लावून घेराचा फोटो, भोकांचा फोटो, तारीख, जागा, असं सगळं लेखी वृक्ष अधिकाऱ्याकडे द्या आणि आवक शिक्का घ्या. तोंडी तक्रारीला किंमत नसते. तोडण्याचा अर्ज आला असेल तर झाडावर नोटीस लावणं आणि वर्तमानपत्रात जाहीर करणं बंधनकारक आहे. नोटिशीवरची मुदत वाचा आणि हरकत त्याच मुदतीत नोंदवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडल्यास झाडाच्या वयाएवढी झाडं लावावी लागतात, तीही सहा ते आठ फुटी, सात वर्षं सांभाळायच्या अटीवर. त्यामुळे वय कमी दाखवण्याचा मोह होतो. वय कोणत्या पद्धतीने काढलं ते फाइलवर मागा. दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. जुन्या गणनेत तुमची चिंच असेल तर तो मोठा पुरावा, आणि ती माहिती अधिकारात मिळते.

चाळीसगाव : खोडाला चुना-गेरू लावावा का? आणि ट्री गार्ड किती वर्षं ठेवावा?

चुना-गेरूने नुकसान नाही, फार फायदाही नाही. उन्हाच्या बाजूची कोवळी साल भाजत नाही एवढंच. ऑइलपेंट कधीच नको. ट्री गार्ड खोड मनगटाएवढं झालं की काढा, साधारण तिसऱ्या वर्षी. नंतर लोखंड सालीत रुततं आणि मग ते कापून काढायला वेल्डर बोलवावा लागतो. गार्डवर दात्याच्या नावाची पाटी असते म्हणून तो काढत नाहीत. पाटी जमिनीत वेगळी रोवा. आधाराच्या काठीची दोरी सैल, आठच्या आकड्यात, आणि वर्षभरात सोडायची. फलकाचे खिळे, लायटिंगच्या तारा दिसल्या की काढून टाका.

शहादा : वडाची फांदी लावली, पालवी आली, आणि महिन्याभरात वाळली. असं का?

पहिली पालवी फांदीतल्या साठ्यावर येते, मुळं त्यानंतर. पालवी बघून पाणी कमी केलं असणार, किंवा हलवून बघितलं असणार. दोन-तीन वर्षांची, मनगटाएवढी जाड, सहा ते आठ फूट लांब फांदी जूनच्या सुरुवातीला घ्या. पानं काढा, चीक गळायला एक दिवस सावलीत आडवी ठेवा. खालचं टोक तिरपं कापून दोन-अडीच फूट जमिनीत पुरा, माती घट्ट दाबा, वरच्या टोकाला शेण-मातीचा लेप द्या. वरखाली उलटं होऊ देऊ नका. पुढचे तीन महिने ओल तुटू द्यायची नाही, हात लावायचा नाही. उंबर आणि पांगारा असेच येतात. पिंपळाचं हे कमी जमतं. त्यापेक्षा गच्चीच्या भिंतीत, पडक्या विहिरीत उगवलेली रोपं भर पावसात अलगद काढून वर्षभर पिशवीत वाढवा.

निंबाचं बी मात्र साठवू नका. झाडाखाली पडलेली पिवळी निंबोळी गर धुवून दोन आठवड्यांच्या आत पेरा, पुढे उगवण झपाट्याने उतरते. बहाव्याचं उलट आहे, त्याच्या बीला सँडपेपरने घासल्याशिवाय जाग येत नाही.

जळगाव : आमच्या ओपन स्पेसमध्ये मियावाकी, म्हणजे थोड्या जागेत खूप दाट लावलेलं छोटं जंगल, करावं का?

पाणी मोजा. चौरस मीटरला तीन-चार रोपं आणि पहिली दोन-तीन वर्षं दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर. शंभर चौरस मीटरला उन्हाळ्यात दिवसाला चारशे ते पाचशे लिटर झाले. वरच्या पन्नास झाडांना सरासरी तीनशेच्या आत लागतात. दाट झाडीत पक्षी येतात, धूळ अडते, पण खाली बसता येत नाही आणि रस्त्यावर सावली पडत नाही. कारखान्याची हद्द किंवा कचरा डेपोची कड असेल तर जरूर करा. मुलं खेळतात त्या ओपन स्पेसमध्ये कडेने दहा निंब-करंज बरे.

धुळे : निंबाचे शेंडे पावसाळ्यानंतर करपतात. झाड तोडावं का?

नाही. हा बुरशीचा शेंडेमर रोग आहे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कोवळे शेंडे तपकिरी होतात, मोठं झाड उन्हाळ्यात पुन्हा पालवतं. लहान झाडांची करपलेली टोकं कोरड्या दिवशी दोन-तीन इंच हिरव्यापर्यंत कापून जाळा, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. मोठ्या झाडाला बांडगूळही असेल तर आधी ते काढा, चिकटलेल्या जागेच्या हातभर खालून फांदीसकट आणि फळं धरण्याआधी. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर त्याची मुळी फांदीत राहते आणि पुढच्या पावसात परत फुटते.